देवाच्या माथ्यावरचे केस

आमच्या इगर्जीतला, म्हणजे चर्चमधला, मेलेला येशू वर्षभर कपाटात असतो. राखेचा बुधवार होऊन उपवासकाळ लागला की पास्कू, आमचा घंटा वाजवणारा, कपाटाचं कुलूप काढतो. मग मी आणि तो मिळून येशूला बाहेर आणतो आणि वेदीमागच्या खोलीत लांब बाकावर निजवतो. माणसाएवढी लाकडी मूर्ती आहे, खांद्यांना चामड्याचे सांधे. सांधे अशासाठी, की गुड फ्रायडेला चार माणसं त्याला क्रुसावरून खाली उतरवतात तेव्हा हात खऱ्या मेलेल्या माणसाचे लोंबतात तसे लोंबले पाहिजेत. नंतर त्याला तिरडीवर ठेवून गावातून फिरवतात आणि सगळे येऊन त्याच्या पायांचं चुंबन घेतात. आमच्या खाडीकाठी या येशूला नवस बोलणाऱ्यांत निम्मे तरी हिंदू आहेत. त्यावरून आमच्यातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. नवसाच्या मेणबत्त्या त्यांना चालतात ना.

मूर्ती पुसून, खोबरेल लावून, केस विंचरून तयार करायचा मान आमच्या फर्नांडिसांच्या घराचा. सासू गेल्यापासून तो माझ्याकडे आला. मी झेपरीन, गावातल्या मराठी शाळेत जन्मभर मास्तरीण. अजूनही चाळिशीचे बापये मला रस्त्यात बघून विडी पाठीमागे लपवतात. हे सांगायचं एवढ्यासाठीच, की मी घाबरट बाई नाही आणि भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे.

मूर्तीचे केस खरे आहेत. ते माझ्या रियाचे आहेत.

आधीचे कुणाचे होते ते आता कुणालाच आठवत नाही. खाऱ्या हवेनं ते कुजून गेले होते, आणि नवीन आणायचे कुठून यावर इगर्जीत नुसती चर्चा चालली होती. रियाचं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. तिचे केस कमरेखाली होते. एका सकाळी ती कात्री घेऊन माझ्यासमोर पाट मांडून बसली आणि म्हणाली, काप. मी खूप ओरडले. नवरीचे केस कुणी कापतं का? पण त्या पोरीनं एकदा ठरवलं की ठरवलं. मीच कापले, आणि मूर्तीच्या जुन्या कापडी टोपीवर मीच टाके घालून ते शिवले, टोपीही डोक्यावर ताणून घट्ट शिवून टाकली. लग्नात नवरी मानेपर्यंत केसांची होती. सासरच्या बायकांनी नाकं मुरडली, आणि रिया फोटोत हसते आहे.

सासर कसालचं, हिंदू. निलेशचं हायवेला टायरचं दुकान. लग्न रजिस्टर केलं, मी आडवी आले नाही. मुलगा बरा आहे, जरा आईच्या पदराखालचा, पण बरा. पहिल्याच वर्षी रियाला दिवस गेले. पाऊस सरता सरता तिला ताप आला, लेप्टो निघाला, आणि इस्पितळात माझ्या डोळ्यांदेखत ती गेली. पोटातलं मूलही गेलं. तिथून तिला कसालला नेलं. मी सांगत होते, तिला माझ्याकडे द्या, तिच्या बापाशेजारी मातीत ठेवते. पण अंगण भरून माणसं, त्यात मी एकटी विधवा बाई. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या घरची, असं म्हणून त्यांनी तिला जाळलं. राख नदीत गेली. मृतांच्या दिवशी आमच्याकडे जो तो आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो. मी नवऱ्याच्या थडग्यावर एक लावते आणि दुसरी हातात धरून उभी राहते.

म्हणजे माझ्या मुलीचं या जगात उरलं काय, तर येशूच्या डोक्यावरचे केस. लोक उपवासकाळात पापांचा पश्चात्ताप करतात. मी उपवासकाळात लेकीला भेटत होते.

संध्याकाळची घंटा झाली की मी त्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि बाकाच्या उशाशी बसून विंचरायला लागायची. बोलायची पण. गावातलं सगळं सांगायची तिला. आणि खोटं वाटेल, पण त्या केसांना जास्वंदीच्या तेलाचा वास येत होता. मी लावत होते खोबरेल. जास्वंदीचं तेल रिया लावायची, घरी स्वतः काढून. दुसरी गोष्ट मी कुणाजवळ बोलले नव्हते. ते केस वाढत होते. मी ते शिवले तेव्हा ते मूर्तीच्या छातीपर्यंत येत होते. आता ते बरगडीवरच्या भाल्याच्या जखमेपर्यंत येत होते. पट्टी लावून कधी मापलं नाही. मापलं तर खोटं ठरेल अशी भीती वाटायची. लोकांना भूत नको असतं, मला हवं होतं. मी देवळात जाऊन, साक्षात येशूच्या उशाशी बसून भूत मागत होते. पण ती माझ्याकडे कधी आली नाही. नुसता वास.

यंदाच्या उपवासकाळात आमच्याकडे नवीन फादर आले होते. फादर सिल्वेस्टर, तरुण, वसईकडचे. पहिल्याच रविवारी त्यांनी प्रवचनात सांगितलं की मासे सोडले, मटण सोडलं हे मला ऐकवू नका. देव म्हणून येशूनं जे केलं ते आपल्याला जमणार नाही, माणूस म्हणून तो काय करत होता ते बघा. त्याला भूक लागत होती, तो दमत होता, होडीत झोपत होता, मित्र मेला तर रडत होता. त्यातलं काहीतरी एक घ्या आणि ईस्टरपर्यंत करा. आमचे लोक आज्ञाधारक. पास्कूनं होडीतली झोप घेतली. रोज दुपारी जेवला की वाळूत ओढलेल्या होडीत जाऊन घोरायचा, आणि बायको उठवायला गेली की फादरांचं नाव सांगायचा. मी काहीच घेतलं नाही. ज्या पोराला मी पाढे शिकवले असते त्यानं मला माणुसकी शिकवावी, याला मी तयार नव्हते.

मार्चच्या मध्यावर एका दुपारी सुभद्रा माझ्या दारात उभी राहिली. सुभद्रा म्हणजे निलेशची आई, माझी विहीण. रिया गेल्यापासून तिनं माझा उंबरठा ओलांडला नव्हता. मधल्या काळात निलेशचं दुसरं लग्न झालं होतं. मला आमंत्रण होतं, मी साडी पाठवली आणि गेले नाही. सुभद्रा ओल्या काजूची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या टोकाला बसली आणि पुष्कळ वेळ उन्हाबद्दलच बोलत राहिली. मग हळूहळू खरं काय ते बाहेर आलं.

नवी सून संचिता सात महिन्यांची पोटुशी होती आणि जेवत नव्हती. तिला भातात केस सापडत होते. उशीवर, न्हाणीच्या मोरीत, दुधाच्या भांड्यात लांब सरळ केस. तिचे स्वतःचे कुरळे आणि आखूड. दिवेलागणीला मागच्या दारी विहिरीपाशी कोणीतरी केस विंचरताना तिला दिसत होतं. डॉक्टर म्हणत होते की बाळाचं वजन वाढत नाही. शेवटी घरच्यांनी गावच्या देवळात पाषाणाला फुलांचे कळे लावून कौल घेतला. कौलात आलं, की जी गेली तिचं काहीतरी पाठीमागे राहिलेलं आहे. आता काय राहिलंय ते सगळ्या कसालला माहीत होतं. आणि वाडीत एक शब्दही फिरत होता. सुभद्रानं तो उच्चारला नाही, पण मला कळला. अळवंतीण. पोटुशी बाई मेली की ती अळवंतीण होते, मोकळे केस सोडून विहिरीवर बसते आणि दुसऱ्या पोटुशीला धरते, असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या रियाला ते अळवंतीण म्हणत होते.

“विहीणबाय, ते केस माका देवा,” सुभद्रा म्हणाली. “समुद्रात सोडतंय. पोरगी जगतली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “तुमी माझ्या चेडवाक जाळलात,” मी म्हटलं. “तेव्हा माका इचारूक नाय. आता अळवंतीण ठरवन तिका बुडवतलात?”

सुभद्रा पदरानं डोळे पुसून उठली, चहा न पिता एसटीला गेली. काजूची पिशवी खुर्चीवरच राहिली. चांगलं सुनावलं म्हणून संध्याकाळपर्यंत मी खुशीत होते. नंतर विंचरायला बसले तेव्हा केसांची एक बट फणीत आली आणि मी दचकले. इतक्या वर्षांत मी त्या केसांना कधी दचकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फादरांना गाठलं. मला वाटलं होतं, हा माणूस तरी माझ्या बाजूनं उभा राहील. ते म्हणाले की भुतं, अळवंतीण वगैरे ख्रिस्तसभा मानत नाही. मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, केस जागेवर राहतील. तर म्हणाले की केस तसे इगर्जीच्या मालकीचे, समितीपुढे विषय ठेवावा लागेल, मी नवीन आहे. मी म्हटलं, येशूनं आंधळ्याला डोळे दिले तेव्हा समिती बसवली होती का? त्यावर ते गोरेमोरे झाले. मी निघाले तसे मागून म्हणाले, “बाई, भूत खरं नसेल. पण ती मुलगी उपाशी आहे हे खरं आहे.”

हे वाक्य मला खुपत राहिलं. शाळेत डबा न खाणाऱ्या पोरांना मी डोळे वटारून चारीठाव जेवायला लावलेलं होतं. म्हटलं जावं, त्या पोरीला चार शब्द सुनवावेत, भूत नाही हे तिच्या डोक्यात घालावं, आणि केस आहेत तिथे राहतील. मी कसालची गाडी पकडली.

निलेश दुकानाच्या दारात टायर फिरवत होता. मला बघून टायर हातातून सुटला, रस्त्यापर्यंत गडगडत गेला. सुभद्रा बाजारात गेली होती. संचिता मागच्या पडवीत एकटीच बसली होती. पुढ्यात पेजेचं ताट, पेजेवर साय धरलेली. ती उठून माझ्या पाया पडायला वाकायला लागली, मी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. दंड कसला, फाटीची काटकी. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. मी ठरवून आले होते ते बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या गळ्यात मला टाक दिसला.

तुम्हाला माहीत असेल नसेल म्हणून सांगते. हिंदू घरांत पहिली बायको वारली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. हळदकुंकू आधी टाकाला लावायचं आणि मग आपल्याला, म्हणजे सवत शांत राहते. पण या घरची सवत पडली किरिस्तांव. सोनाराला घरच्यांनी तसं सांगितलं असणार. त्या बिचाऱ्याला एवढं ठाऊक, की टाकावर बाई पाहिजे आणि किरिस्तांवाच्या गळ्यात क्रूस असतो. त्यानं दोन्ही एकत्र केलं. चांदीच्या पत्र्यावर क्रूस, आणि क्रुसावर हात पसरलेली बाई. डोक्यावर पदर. दोन्ही तळव्यांवर खिळ्याचे टिंब त्यानं नीट ठोकलेले होते.

मी तो टाक बोटांत धरला. आमच्या समितीतला कुणी असता तर जागच्या जागी आडवा झाला असता. मलाही चीड यायला हवी होती. पण टाक त्या पोरीच्या गळ्याच्या उबेनं कोमट लागत होता आणि त्यावर कुंकू होतं, आणि येशूच्या जागी माझी रिया होती.

संचितानंच विचारलं, रियाताई कशी होती? घरात कुणी तिचं नाव घेत नाही, फोटोही ट्रंकेत घातलेत. मला तिचे फक्त केस माहीत आहेत, म्हणाली.

मी विचारलं, काय दिसतं तुला? तिनं हातानं विहिरीकडे दाखवलं. दिवेलागणीला तिथल्या पायरीवर येऊन बसते, माझ्याकडे पाठ करून. विंचरते. तोंड मी कधी बघितलं नाही. मी विचारलं, वास येतो का कसला? ती म्हणाली, जास्वंदीच्या तेलाचा. त्या घरात जास्वंदीचं तेल कुणी लावत नव्हतं, आणि रियानं लग्नानंतर तिथे नेलेली बाटली मी स्वतः परत आणली होती.

आता खरं ते सांगते. मला भीती वाटली नाही, कीवही आली नाही. मला त्या पोरीचा हेवा वाटला. मी वर्षानुवर्षं हाका मारते आहे, आणि माझी लेक येते ती या परकीकडे? माझ्या उशाशी यायचं सोडून सवतीच्या विहिरीवर? यायचंच होतं तर आईकडे यायला पाय मोडले होते का तिचे? मी टाक सोडला आणि जवळजवळ ओरडूनच विचारलं, की काय सांगते ती तुला.

“काय सांगणा नाय,” संचिता म्हणाली. “माका ती वाईट वाटणा नाय. थकलेली दिसता. तिका बसाक खंयच जागा नाय, म्हणान हय येता.” मग खाली बघून म्हणाली, “ते केस दिव नकात कोणाक. सासू म्हणता तां सोडा. तुमच्याकडे दुसरां काय ऱ्हवलां आसा?”

मी मग ताट पुढे ओढलं, पेजेवरची साय बाजूला केली आणि तिला म्हटलं, रिया कशी होती ते सांगते, पण तू खायचं. थांबलीस की मी थांबणार. मी सांगितलं की ती बेडकाला भ्यायची आणि सापाला नाही. बापयासारखी शीळ घालायची आणि त्यापायी माझा मार खायची. गणितात ढ होती, मास्तरणीची मुलगी असून. संचिता खात होती. बेडकाच्या गोष्टीला हसली देखील. अर्धं ताट झालं तेव्हा दिवेलागण झाली होती. तिचा हात थांबला, नजर विहिरीकडे गेली आणि चेहरा पांढराफटक पडला. मी वळून बघितलं. पायरी, रहाट, दोरी. मी डोळे फाडफाडून बघत राहिले. मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

झावळ्यांचा रविवार झाला. सोमवारी संध्याकाळी मी मूर्तीची शेवटची विंचरण करायला खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. खिडकीतून थोडा उजेड येत होता. मी विंचरलं नाही. बाकाच्या उशाशी उभी राहून मी रियाला म्हटलं, ये. आज माझ्याकडे ये. तुला बसायला जागा नाही म्हणतात, ही एवढी खोली आहे, मी आहे. ये गो बाय. मी किती वेळ म्हणत होते माहीत नाही. खाडीचा वारा आला आणि गेला. खोलीत खोबरेलाचा वास होता, फक्त खोबरेलाचा.

मग माझं लक्ष मूर्तीच्या तोंडाकडे गेलं. ते अर्धवट उघडं आहे, तहानेनं. इतकी वर्षं मी ते तोंड पुसलं होतं आणि माझी नजर केसांवर होती. मला फादरांच्या प्रवचनाचा राग आला होता, तो आता वेगळ्या तऱ्हेनं आला, कारण माणूस मला समोर दिसत होता. हातापायांत खिळे, घशाला कोरड, आणि खाली आई उभी. मरता मरता त्यानं काय केलं, तर आईला मित्राच्या घरी लावून दिलं. मित्राला सांगितलं, ही तुझी आई. देव असता तर त्यानं बोटानं खूण करून तिची सोय केली असती. माणूस होता म्हणून दुसऱ्या माणसाला सांगावं लागलं. आणि आईनं त्याला सोडलं. मिठी मारून बसली नाही. कुणाच्या तरी परक्या घरी चालत गेली, तिथे जेवली, झोपली असेल. त्या बाईनं हे कसं केलं ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

मी ब्लेड घेतलं आणि टोपीचे टाके कापायला बसले. सगळे टाके माझेच होते, बारीक, घट्ट. एकेक तुटताना कट्‌ असा आवाज येत होता. टोपी निघाली आणि खालचं डोकं मी पहिल्यांदा धड बघितलं. त्या वेळी शिवायच्या घाईत बघितलं नव्हतं. कारागिरानं चेहऱ्यावर जीव ओतला होता, पापणी न् पापणी कोरली होती. डोकं मात्र तसंच सोडलेलं, पटाशीचे घाव दिसणारं, ओबडधोबड. वर केस येणार, कोण बघणार आहे, असं त्यानं म्हटलं असेल. मी त्या डोक्याला तेल लावलं, मूर्तीवर चादर ओढली आणि केस पदरात बांधून घरी आले, आणि सुभद्राला निरोप धाडला. समितीला विचारलं नाही. मान फर्नांडिसांचा आहे.

मंगळवारी सकाळी ओहोटीच्या वेळेला सुभद्रा आली. पोटुशीला समुद्रावर आणायचं नाही, म्हणून एकटीच. आम्ही दोघी म्हाताऱ्या खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उतरलो. मी ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हटली. मग सुभद्रानं त्या केसांवरून हात फिरवला.

“रिया गो बाय, जा आता,” ती म्हणाली. “तुझ्या आवशीक इचारूक नाय तां आमचां चुकलां.”

रियाचं नाव तिच्या तोंडून मी इतक्या वर्षांनी ऐकलं. मी केस सोडले. मला वाटलं होतं की बुडतील. बुडले नाहीत. पाण्यावर पसरले, आणि एखादी बाई पाठमोरी पोहत निघावी तसे वाळूच्या दांड्यापलीकडे निघून गेले. आम्ही दिसेनासे होईपर्यंत बघत होतो. एकदा मला वाटलं की ते थांबले. सुभद्रानं माझं मनगट पकडलं होतं, तिलाही तसंच वाटलं असावं.

गुड फ्रायडेला पडदा बाजूला झाला तेव्हा सगळ्या इगर्जीत कुजबुज उठली. क्रुसावर टकलू येशू. काट्यांचा मुकुट केसांवर बसायचा, तो आता घसरून भुवयांवर आला होता. समितीचा सेक्रेटरी माझ्याकडे तरातरा आला. फादरांनी मूर्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला हातानं थांबवलं. चार माणसं शिडीवर चढली. खिळे निघाले, हात सांध्यांतून खाली पडले आणि ते उघडं डोकं पास्कूच्या खांद्यावर टेकलं. कुजबुज बंद झाली. मागच्या बाकावरून कोणीतरी हळू म्हणालं, “माझो बापूस शेवटाक असोच दिसा होतो.” त्याचा बाप कॅन्सरनं गेला होता. दरवर्षी आम्ही क्रुसावरून देव उतरवत होतो. त्या दिवशी माणूस उतरवला.

तिरडी गावातून फिरून आली आणि लोक चुंबनाच्या रांगेत लागले. मी नेहमीप्रमाणे उशाशी उभी होते. रांगेत सुभद्रा आणि निलेश होते, आणि दोघांच्या मध्ये संचिता, एक हात कमरेवर धरून. मी तिला यायला सांगितलं नव्हतं. ती वाकली, पायांना ओठ लावले, टाक बाहेर काढून तोही पायांना टेकवला आणि माझ्याकडे आली. तिच्या गालांवर थोडा रंग होता.

“आये,” ती माझ्या कानाशी म्हणाली. असं मला ती पहिल्यांदा म्हणाली. “मंगळवारपासून ती येवक नाय. मी जेवतंय, झोपतंय. आता ती येणा नाय.”

तिच्या डोळ्यांत एवढा आनंद होता की मलाही तो झाला. खरंच झाला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, बरां झालां गो बाय. आणि तिथेच, तिरडीच्या उशाशी उभी असताना, माझी रिया मेली. इस्पितळात ती मेली नव्हती, कसालला जळतानाही नाही. कुठेतरी ती केस विंचरत बसली होती, माझ्याकडे नाही तर सवतीकडे, पण होती. आता ती कुणाकडेच येत नव्हती.

मी त्या ओबडधोबड लाकडी डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्या गावासमोर मोठमोठ्यानं रडले. संचिता माझ्या कमरेला धरून उभी राहिली, आणि रांग आमच्या बाजूनं हळूहळू पुढे सरकत राहिली.